चाळीस हिरवे चौकोन

ऑफिसात त्यांना नाकमुरडे म्हणत. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, पण नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. एकदा कुरियरवाल्यानेही त्याच नावाचं पाकीट आणून दिलं. त्यांनी ते मुकाट्याने घेतलं, कडेला वाळलेला डिंक नखाने खरवडला आणि म्हणाले, "लोकांना धड चिकटवतासुद्धा येत नाही."

वय त्रेपन्न, अंगाने सडसडीत, शर्ट कायम इस्त्रीचा. देव कुणाला गळा देतो, कुणाच्या हाताला चव देतो. यांना त्याने किळस दिली होती, आणि ती इतकी अस्सल की बघत राहावं. आधी डावी नाकपुडी वर जायची, मग भुवया एकमेकींजवळ यायच्या आणि शेवटी ओठांचा कोपरा खाली पडायचा. मोठा नट पायरीपायरीने रंगमंचावर उतरतो तशी ती त्यांच्या चेहऱ्यावर उतरायची. बघणाऱ्याला आपल्याच बाहीवर काहीतरी सांडलंय असं वाटायला लागायचं.

सकाळी आले की पहिलं काम टेबल पुसणं. दुसरं, कीबोर्ड उलटा करून आपटणं. त्यातून बिस्किटाचा चुरा पडायचा, केस पडायचे, एकदा तर नख पडलं. "दुसऱ्याचं नख!" ते अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडले होते. बेसिनमध्ये कालचे कप, तळाशी साय धरलेली, एकात तर हिरवट लव उगवलेली. सोफ्यावर मागच्या महिन्यात सांडलेल्या कशाचा तरी डाग, आणि त्या डागावर डोकं टेकून बसलेला कुणीतरी हुशार मुलगा. हे सगळं पार करून ते खुर्चीवर बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. तिथे मोठा पडदा होता, पडद्यावर चाळीस चौकोन, आणि चाळीसही हिरवे.

अख्ख्या ऑफिसात तेवढी एकच स्वच्छ गोष्ट आहे असं त्यांना वाटायचं.

त्यांचं मूळ आयुष्य पाण्याच्या मीटरवर गेलेलं. पाणी खात्यात सत्तावीस वर्षं मीटर वाचणारे. मीटर कुठे असतो? घराबाहेर जमिनीतल्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली. झाकण उचललं की झुरळं पळणार, कोळ्याचं जाळं बोटांना चिकटणार, तळाशी शेवाळलेलं पाणी आणि त्यात बुडालेली काच. खिशातल्या फडक्याने ती काच पुसायची, गुडघ्यावर बसायचं, आकडा वाचायचा, वहीत टिपायचा. नाकमुरड्यांना त्या खड्ड्यांची किळस होतीच, पण त्याहून जास्त किळस होती सहकाऱ्यांची. ते चहाच्या टपरीवर बसून पन्नास घरांचे आकडे एका बैठकीत लिहायचे. शेरा ठरलेला: 'दार बंद, सरासरी धरली.' मागच्या तीन वेळच्या वापराची सरासरी आधीच्या आकड्यात मिळवायची की झालं वाचन.

एका घराला असा शेरा लागोपाठ सहा वेळा पडला होता. बदलीवर तो रस्ता नाकमुरड्यांकडे आला. त्यांनी जाऊन झाकण उचललं, तर खाली मीटरच नव्हता! चोराने कधीच काढून नेलेला. नळीच्या तोंडाला चिंधी बांधलेली आणि वहीत मात्र सहा वेळचं वाचन, तेही चढत्या क्रमाने. ती वही त्यांनी साहेबांच्या टेबलावर दोन बोटांत धरून ठेवली, मेलेल्या उंदराला धरतात तशी. साहेबांनी त्यांचीच बदली केली.

पुढे दुरून वाचता येणारे मीटर आले आणि माणसं घरी बसली. नाकमुरडे बसले नाहीत. मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर संध्याकाळचे वर्ग केले. आधी मीटरवाल्या कंपनीच्या माहितीकक्षात लागले, तिथून शिकत, पडत, पुन्हा उठत इथे आले. इथे त्यांना सहा महिन्यांच्या चाचणीवर घेतलं होतं. सहा महिने नीट गेले तर कायम, नाहीतर नमस्कार. आणि या वयात यापुढे आणखी कुणी दार उघडेल हे अवघड, हे त्यांना ठाऊक होतं.

कंपनीचं काम असं. शहरातल्या सगळ्या डायलिसिस केंद्रांना पेशंटच्या वेळा ठरवून द्यायच्या. कोण, कधी, कुठल्या खुर्चीवर. यासाठी एकच मोठा प्रोग्राम नव्हता. चाळीस छोटे प्रोग्राम होते, प्रत्येक आपापल्या डब्यात. त्याला कंटेनर म्हणतात. एक डबा यादी बनवतो, एक निरोप पाठवतो, एक वेळा बदलतो. हे डबे कंपनीच्या जागेत नसतात, क्लाउडवर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दूरच्या मशिनांवर चालतात. आणि त्यांचं जगणं क्षणभंगुर. एखादा अडकला की त्याला टाकून देतात आणि तसाच दुसरा उभा करतात. काम तेच, पण पत्ता नवा.

त्यांच्यावर नजर ठेवायला एक संग्राहक असतो. तो दर पंधरा सेकंदांनी प्रत्येक डब्याच्या दारात जातो आणि विचारतो, किती कामं आली, किती फसली, पोटात किती जागा उरली. ते आकडे आणून भिंतीवरच्या त्या पडद्याला, म्हणजे फळ्याला देतो, एका डब्याला एक चौकोन. हा संग्राहक उभा करायचं काम नाकमुरड्यांचं. तेही हाताने नव्हे, लिहून. नाटकाच्या संहितेत 'डावीकडे खुर्ची' असं लिहावं आणि पडदा उघडताच खुर्ची आपोआप तिथे उगवलेली असावी, तसं हे. काय हवं ते कोडमध्ये लिहायचं. त्यासाठी असलेलं अवजार ते वाचतं, आधी सांगतं की अमुक उभं करीन, अमुक बदलीन, अमुक पाडीन, आणि विचारतं, करू का? 'हो' लिहिलं की सगळं उभं. नाकमुरड्यांना याचं फार कौतुक. झाकण नाही, झुरळ नाही, आणि कुणी काय लिहिलं ते ओळीओळीला नावानिशी नोंदलेलं. टपरीवर बसून खोटं लिहायची सोयच नाही, असं ते बायकोला सांगायचे.

बायको एका डायलिसिस केंद्रावर सिस्टर होती. बुधवारी संध्याकाळी ती घरी आली ती चपला भिरकावतच.

"अहो, तुमच्या त्या कंपनीचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"काय झालं?"

"सकाळी सहाला यादी येते ना, आज तिसरा दिवस, अर्धीच येतेय. खुर्च्या सात आणि दारात अकरा माणसं. सगळ्यांना सहाचीच वेळ! एक आजोबा चार तास पायरीवर बसले. पाय असे सुजलेले, बोट दाबलं तर खड्डा पडतोय. मला म्हणाले, सिस्टर, माझं नाव कापलं का?"

"असं कसं होईल? आमच्याकडे तर सगळं हिरवं आहे."

"हो? मग तुमच्या हिरव्यालाच उद्या आमच्याकडे पाठवा. दारात उभं करते आणि म्हणते, दे यांना उत्तर."

नाकमुरडे जेवले नीट, पण डावी नाकपुडी वरच राहिली.

गुरुवारी सकाळी त्यांनी टेबल पुसलं नाही. सरळ फळ्यावरचा यादीवाला चौकोन उघडून आत बघितलं. आकडा होता, हिरवाही होता. मग त्यांनी आजवर कधी न बघितलेली गोष्ट बघितली, आकड्याखालची बारीक अक्षरातली वेळ. हा आकडा शेवटचा कधी वाचला? चार महिन्यांपूर्वी.

त्यांनी दुसरा चौकोन उघडला. साडेतीन महिने. तिसरा ठीक, आत्ताचा. चौथा चार महिने. असे चाळीसच्या चाळीस उघडले. चौदा जिवंत. सव्वीस डब्यांच्या दारात चार-चार महिने कुणी गेलेलंच नव्हतं. म्हणजे जात होतं, पण जुन्या पत्त्यावर. डबे केव्हाच टाकून दिलेले, नवे दुसरीकडे उभे राहिलेले, आणि संग्राहक बिचारा ओसाड जागी उभा राहून हाका मारतोय. उत्तर नाही आलं की काय करायचं? कोडमध्ये एक ओळ होती: माहिती आली नाही तर शेवटचा आकडा कायम धरा.

 नाकमुरडे उठून खिडकीपाशी गेले.

"कुठल्या नालायकाने लिहिलंय हे?" ते खिडकीलाच म्हणाले. "मढ्याला पावडर लावून बसवलंय नुसतं. टपरीवाले परवडले, त्यांना निदान लिहायला हात तरी हलवावा लागायचा. हा कोण दिवटा?"

परत येऊन त्यांनी त्या ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव उघडलं.

नाव त्यांचंच होतं.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख. त्यांना सगळं आठवलं. घाई होती, जुन्या एका कामातला तयार तुकडा त्यांनी उचलला होता, सत्तर ओळींचा. साठेक वाचल्या, उरलेल्या 'ठीकच असतील' म्हणून सोडल्या. पत्त्यांची यादीही त्यांनीच हाताने टाकलेली, त्या दिवशी जे डबे जिथे होते ते. वर स्वतःच टिपण लिहिलेलं: तात्पुरतं. मग दुसरं काम आलं. आणि चार महिने रोज सकाळी ते खुर्चीत बसून लांबूनच चौकोनांचा रंग बघत होते. फडकं खिशात होतं. काच एकदाही पुसली नव्हती.

आजवर जगातल्या यच्चयावत गोष्टींची त्यांना किळस आली होती. स्वतःची आली ती पहिल्यांदाच. तिला नाकपुडी पुरेना. ते स्वच्छतागृहात गेले, नळ सोडला, हात धूत राहिले. आरशावर कुणाच्या तरी दात घासण्याचे पांढरे शिंतोडे होते. आज त्यांनी ते पुसले नाहीत. आपल्या तोंडाला शोभताहेत, असं मनाशी म्हणाले.

दुपारपर्यंत दुरुस्ती लिहून झाली. हाताने टाकलेले पत्ते काढले, त्याऐवजी दर मिनिटाला क्लाउडलाच विचारायचं की आत्ता कोण जिवंत आहे आणि कुठे राहतो. ती ओळही काढली. उत्तर नाही तर चौकोन काळा. एवढंच. पण कंपनीचा नियम असा की कोडमधला कुठलाही बदल दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही. आणि ती मंजुरी छानछान साहेबांकडे होती.

छानछान हे त्यांच्या वरिष्ठाचं नाव, तेही ऑफिसानेच ठेवलेलं. वय बत्तीस, चेहरा सदा हसतमुख, कुठल्याही गोष्टीला 'छान, छान' म्हणायची सवय. वाईट नव्हता मुलगा. स्वतःचा डबा दुसऱ्याला देणारा, आजारी माणसाला घरी सोडून येणारा. फक्त वाईट बातमी त्याच्या कानात शिरायची नाही, दारातून परत जायची.

"काका, छान केलंत हे," सगळं ऐकून तो म्हणाला. "सोमवारी लावू."

"सोमवारी का? सव्वीस डब्यांचं काय चाललंय आपल्याला माहीत नाही."

"उद्या मोठ्या बाई येताहेत ना!"

मोठ्या बाई म्हणजे सगळ्या डायलिसिस केंद्रांच्या प्रमुख डॉक्टर. शुक्रवारी त्या फळा बघायला येणार होत्या. फळा पसंत पडला तर पुढची तीन वर्षं काम याच कंपनीकडे.

"उद्या तो फळा काळा दाखवायचा? काका, लग्नात मांडव जाळल्यासारखं होईल."

"मांडवात नवरदेवच नाहीये, साहेब."

"आणि तुमचंही पत्र उद्याच आहे." छानछानचा आवाज खाली आला, आणि त्यात लबाडी नव्हती, काळजीच होती. "कायम होण्याचं. माझी सही झालीये, वरची बाकी आहे. बाई खूश झाल्या की लगेच होईल. एक दिवस, काका. एकच दिवस डोळे मिटा."

"चार महिने मिटलेच होते."

"मग एक दिवसाने काय बिघडतं?"

याला नाकमुरड्यांकडे उत्तर होतं, पण ते पायरीवर बसलेलं होतं, सुजलेल्या पायांचं. त्यांनी यादीचा डबा तेवढा पुन्हा चालू करून घेतला आणि घरी गेले. बायकोला एवढंच म्हणाले, "उद्या बहुतेक नोकरी जाईल."

"कुणाशी भांडलात?"

"अजून नाही."

"मग जेवून घ्या आधी. उपाशीपोटी भांडलात की तुमचा आवाज चिरकतो."

शुक्रवारी अकराला मोठ्या बाई आल्या. साठीच्या, केस आखूड, पायात मऊ चपला, हातात जाडजूड वही. बसायच्या आधी त्यांनी सोफ्यावरचा डाग बघितला आणि उभ्याच राहिल्या. नाकमुरड्यांना त्या तिथेच आवडल्या.

छानछानने सुरुवात केली. मुलगा बोलायचा सुरेख, हात पसरून, फळ्याकडे पाठ करून. चाळीस सेवा, दर पंधरा सेकंदांनी तपासणी, गेल्या चार महिन्यांत एकही लाल नाही.

"एकही नाही?" बाई म्हणाल्या.

"एकही नाही!"

"मला सव्वीस वर्षं झाली हॉस्पिटलात. चार महिने ताप न चढलेला वॉर्ड मी एकच बघितलाय. तो रंगकामाला रिकामा केलेला होता." त्यांनी वही उघडली. "या आठवड्यात पाच केंद्रांवरून तक्रार आहे. यादी अर्धी येते. ते यात कुठे आहे?"

छानछान हसला. हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला.  भर प्रयोगात नटाचं वाक्य अडावं, तसं झालं. नाकमुरडे मागे भिंतीला टेकून उभे होते. गप्प राहिले असते तर कुणी नावही घेतलं नसतं. संवाद त्यांचा नव्हताच.

ते पुढे आले. "बाई, कुठलाही चौकोन दाखवा."

"हा."

त्यांनी तो उघडला, खालची बारीक वेळ मोठी केली. बाईंनी चष्मा वर केला, वाचलं, खाली केला.

"हे चार महिन्यांपूर्वीचं आहे."

"हो."

"मग हिरवं का?"

"उत्तर आलं नाही तर जुनाच आकडा दाखवायचा, असं लिहिलंय म्हणून."

"हा गाढवपणा कुणी केला?"

छानछान घाईने म्हणाला, "जुन्या एका तुकड्यातून आलंय ते, मॅडम, म्हणजे कुणा एकाचं..."

"मी," नाकमुरडे म्हणाले. "तुकडा जुना होता. न वाचता लावला मी. पत्तेही मीच चुकीचे टाकले. काल कळलं."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. आणि नाकमुरड्यांनी प्रथमच बाहेरून पाहिलं की ते कसं दिसतं. डावी नाकपुडी, मग भुवया, मग ओठांचा कोपरा. लव आलेल्या कपाकडे आपण बघतो ते हेच. त्यांनी मान खाली घातली नाही. पण इस्त्रीच्या शर्टाखाली घाम फुटला.

"खरं काय आहे ते दाखवता येईल?"

"दुरुस्ती तयार आहे. साहेबांची मंजुरी हवी."

सगळ्यांच्या नजरा छानछानकडे वळल्या. त्याने एकदा काकांकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग पुढे होऊन कळ दाबली. त्या क्षणी 'छान' म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

अवजाराने वाचून दाखवलं: एक उभं करीन, एक बदलीन, पाडणार काही नाही. करू का? नाकमुरड्यांनी 'हो' लिहिलं.

चाळीसच्या चाळीस चौकोन काळे झाले. कुणीतरी मागे "अरे देवा" म्हणालं. मिनिटभर काहीच नाही. मग एक हिरवा उमटला, मग दोन, मग कोपऱ्यात सहा एकदम. छत्तीस झाले, सदतीस. तिथे थांबलं. उरलेले तीन लाल. त्यातला एक यादीचा. तो डबा दर चार मिनिटांनी पोट फुगून मरत होता आणि नवा जन्मत होता. पहाटे सहाला मेला की यादी अर्धी.

"किती दिवसांपासून?" बाईंनी विचारलं.

"सांगता येणार नाही," नाकमुरडे म्हणाले. "बघितलंच नव्हतं."

बाईंनी वही मिटली. "मी आज सही करत नाही. तीन महिने बघते. रोज सकाळी आठला मला फोन हवा. किती लाल, कुठले आणि का. गोड बोलणारा माणूस नको." त्यांनी नाकमुरड्यांकडे बोट केलं. "हे करतील. तीन महिने यांना हलवायचं नाही. त्यानंतर ठेवायचं की हाकलायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी असते तर हाकललं असतं." आणि मऊ चपलांनी निघून गेल्या.

कायमचं पत्र आलं नाही. चाचणी तीन महिन्यांनी वाढल्याचं आलं, कडेला डिंक लागलेल्या पाकिटात.  संध्याकाळी निघताना छानछान म्हणाला, "काका, मला आधी सांगायचं होतंत, की बोलणार म्हणून."

"मलाच माहीत नव्हतं."

"मला वाटलं होतं, तुम्ही गप्प राहाल."

"मलाही वाटलं होतं," नाकमुरडे म्हणाले. "त्याचीच तर शिसारी येते."

शनिवारी यादीच्या डब्याला जास्त जागा दिली आणि तो मरायचा थांबला. सोमवारी सकाळी सव्वासहाला बायकोचा निरोप आला, यादी पूर्ण आहे. कौतुकाचा एक शब्द नाही. खाली फक्त, डबा विसरलात, ओट्यावर आहे.

आठला त्यांनी फोन लावला. छानछान शेजारी उभा होता, हाताची घडी घालून.

"दोन लाल," नाकमुरडे म्हणाले. "निरोप पाठवणारा एक, वेळा बदलणारा एक. पहिल्याचं कारण कळलंय, दुपारपर्यंत होईल. दुसऱ्याचं कळलेलं नाही."

"कळलेलं नाही?"

"नाही."

पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. "उद्या," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

छानछानने सुस्कारा सोडला. "झालं बुवा. बऱ्यापैकी गेलं की." मग त्याची नजर भिंतीकडे गेली. "काका, तो वरचा आत्ता लाल झाला का?"

नाकमुरडे वळले. झाला होता.

"जाऊ द्या," छानछान पटकन म्हणाला. "फोन तर झालाय. उद्याच्यात सांगू."

नाकमुरड्यांची डावी नाकपुडी वर गेली. त्यांनी फोन उचलला आणि तोच नंबर पुन्हा लावला.